वार्धक्य, बिऱ्हाड आणि हंगाम : एका गृहीतकृत्याची चिकित्सा

१

वृद्धांची शुश्रूषा व त्यांचा निवास हा विषय आपल्याकडे अभ्यासविषय म्हणून उशिराच मान्यता पावला. मात्र ती मान्यता मिळाल्यावर धोरण व संशोधन ही दोन्ही अंगे बरीच वाढली. १९९९ साली केंद्र सरकारने वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा संमत झाला आणि २०१३ साली महाराष्ट्राने आपले स्वतंत्र धोरण आखले. संशोधनाच्या बाजूने पाहता, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या साहाय्याने २०११ साली महाराष्ट्रासह सात राज्यांत एक पाहणी झाली, व तिच्यामागोमाग मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ या नावाने ओळखली जाणारी अखिल भारतीय पाहणी हाती घेतली. लासीच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती गोळा झाली. या कामांचे मोल मोठे आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एक गृहीतकृत्य आहे व त्याची चिकित्सा अद्याप पुरेशी झालेली दिसत नाही. वृद्ध माणूस कोणाजवळ राहतो, या प्रश्नाला वर्षभर टिकणारे एकच उत्तर असते, असे ते गृहीतकृत्य होय. प्रस्तुत लेखात शहादे तालुक्यातील म्हसावद व त्याच्या परिसराच्या संदर्भात हे गृहीतकृत्य कितपत टिकते, ते पाहावयाचे आहे.

म्हसावद हे तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातील गाव. एका बाजूस ऊस, केळी व पपई पिकविणारी सुपीक जमीन आणि दुसऱ्या बाजूस डोंगर, अशी या पट्ट्याची रचना आहे. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. अशा पट्ट्यात एकाच गावात दोन प्रकारची वार्धक्ये नांदतात. एक जमीनधारकाचे व दुसरे मजुराचे. धोरण व संशोधन यांना पहिले सहज दिसते. दुसरे त्यांच्या नजरेतून कसे निसटते, हाच येथील मुख्य मुद्दा आहे.

२

या पट्ट्यातील भूमिहीन व अल्पभूधारक आदिवासी कुटुंबांतील धडधाकट माणसे दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातेत ऊसतोडीसाठी व अन्य कामांसाठी जातात. कोणी होळीला परततात, तर कोणी गाळप संपल्यावर आखाजीच्या सुमारास. यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांवरील आपल्या अभ्यासात खानदेशातून येणाऱ्या या मजुरांची स्थिती १९७८ सालीच जगापुढे मांडली होती. त्यांचा विषय तोडणी करणारा मजूर हा होता; गावी मागे राहिलेला म्हातारा त्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला, व ते स्वाभाविकही होते. परंतु पुढे वार्धक्याचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाल्यावरही तो कक्षेबाहेरच राहावा, हे मात्र स्वाभाविक म्हणता येणार नाही.

तो बाहेर का राहतो, याचे उत्तर व्याख्यांत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी व एकाच चुलीवर जेवणारी माणसे, अशी व्याख्या केली जाते आणि सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेल्या माणसाची गणना कुटुंबातच होते. जनगणनेची व्याख्याही, कामाच्या निकडीमुळे एखादा माणूस त्या चुलीवर जेवू शकला नाही तरी त्याला कुटुंबातच धरते. मजुराच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. परंतु हंगाम बहुधा सहा महिन्यांच्या आतलाच असतो. परिणामी, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत स्वतःच चूल पेटविणारी, स्वतःच पाणी भरणारी म्हातारी कागदोपत्री ‘मुलगा व सून यांच्यासह राहणारी’ ठरते. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने एक ते सहा महिन्यांच्या अल्पकालीन स्थलांतराची वेगळी नोंद केली, हे खरे. पण ती नोंद जाणाऱ्याची होती, राहणाऱ्याची नव्हे.

साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे सहा टक्के एकट्या राहतात, असे लासीत आढळले. हा आकडा चुकीचा आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. राज्यपातळीवरील अनुमानासाठी आखलेल्या पाहणीकडून एका तालुक्याच्या हंगामाची नोंद अपेक्षिणेही योग्य नव्हे. आक्षेप एवढाच की, जे वार्धक्य वर्षातून पाच महिने एकाकी व सात महिने भरल्या घरात असते, त्यासाठी आपल्या कोष्टकांत रकानाच नाही. ज्याला रकाना नाही त्याला पुढे योजनाही मिळत नाही.

३

आता कायद्याकडे वळू. २००७ च्या कायद्याची संपूर्ण उभारणी ऐपत असूनही आईवडिलांना न पोसणाऱ्या अपत्याच्या प्रतिमेवर झालेली आहे. न्यायाधिकरणाने निर्वाहाची रक्कम ठरवावी, तिची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये असावी, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत घेता यावी, निपुत्रिक वृद्धाचा भार त्याच्या वारसाने उचलावा, या तरतुदी जमीनजुमला असलेल्या घरांत उपयोगी पडतात यात शंका नाही. परंतु ज्याच्यापाशी वारशात देण्याजोगे काही नाही व ज्याच्या मुलाने मुकादमाकडून उचल घेऊन कोयता हाती धरला आहे, त्याने न्यायाधिकरणापुढे कोणाविरुद्ध दाद मागावी? येथे मुलाची इच्छा आहे, ऐपत नाही. माया आहे, उपस्थिती नाही. टाकून देणे हा कायद्याने गुन्हा ठरविला आहे. पोटासाठी दूर जाणे हा गुन्हा नाही, आणि नसावाच. पण त्यामुळे कायद्याचा हात या वृद्धापर्यंत पोहोचत नाही, हेही तितकेच खरे.

कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल, असा निदान एक वृद्धाश्रम स्थापण्याची तरतूद आहे. तत्पूर्वी १९९५ साली महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रम योजना जिल्हा हेच मान धरून आखली गेली होती. नंदुरबारमध्ये शंभरात पाच माणसे जरी वृद्ध धरली तरी त्यांची संख्या ८० हजारांवर जाते. अपुरेपणा उघडच आहे. पण त्याहून महत्त्वाचा दोष कल्पनेत आहे. वृद्धाश्रम कायमचे स्थलांतर मागतो. फाल्गुनात ज्याचे घर पुन्हा भरणार आहे, तो माणूस आपला पाडा, शेळ्या आणि नातवंडे सोडून जिल्ह्याच्या गावी का जाईल?

४

निवासविषयक धोरणाचे लक्षही असेच एका वर्गाकडे आहे. केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तनिवासांसाठी आदर्श मार्गदर्शक सूत्रे काढली, व महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी उद्वाहन, उतरण, आधाराचे कठडे इत्यादींची किमान मानके ठरविली. विकत घेणाऱ्याचे हित त्यांत राखले गेले आहे. ग्रामीण गरिबासाठी प्रधानमंत्री आवास योजनेचे किंवा शबरी योजनेचे घरकुल आहे. परंतु तेथे वार्धक्याचा विचार जवळजवळ नाही. शिवाय हंगामात या घरांतील उणीव भिंतींची नसते, माणसाची असते.

निवृत्तिवेतनाची गोष्ट याहून बोलकी आहे. श्रावणबाळ योजनेखाली वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र वृद्धाला २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली आहे. मुलगा व सून यांनी एका हंगामात उचललेली रक्कम ही मर्यादा सहज ओलांडू शकते. म्हणजे उत्पन्न मोजताना कुटुंब एक धरावयाचे व सांभाळ मोजतानाही एकच धरावयाचे. प्रत्यक्षात मात्र त्या उत्पन्नाची चूल बारडोलीकडे पेटते आणि म्हातारीची म्हसावदकडे.

५

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आदिवासी समाजात भाऊबंद व शेजारी वृद्धांची काळजी घेतात, म्हणून शासनाने तेथे हात घालण्याचे कारण नाही. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. तोडणीची टोळी बहुधा एकाच पाड्यातून किंवा नात्यागोत्यातून जमविली जाते. ज्या दिवशी मुलगा जातो त्याच दिवशी पुतण्या व शेजारीही जातो. परस्परसाहाय्याची परंपरा खोटी नाही. ती पाळणारे हात मात्र एकदमच निघून जातात. उलट मागे ठेवलेल्या नातवंडांचा सांभाळ त्या वृद्धांवरच येतो. ज्याला आपण शुश्रूषेचा विषय समजतो, तोच शुश्रूषा करणारा ठरतो.

विशेष म्हणजे हंगाम ही गोष्ट शासनाला अपरिचित नाही. स्थलांतरित मजुरांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना राबविली गेली. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीत गरोदर व स्तनदा मातांसाठी जेवण शिजू लागले. मुलाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले ते आजीच्या बाबतीत अमान्य का व्हावे? त्याच चुलीवर, त्याच पाच महिन्यांत, पाड्यातील एकाकी वृद्धांचे एक वेळचे जेवण शिजविणे व आठवड्यातून एकदा आरोग्यसेविकेने त्यांच्या दारी जाणे, ही सोय दीडशे खाटांच्या इमारतीपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयुक्त ठरेल, असे आम्हांस वाटते.

संशोधनाच्या बाजूनेही फार मोठी यंत्रणा लागणार नाही. ‘आपण कोणाजवळ राहता?’ या प्रश्नाऐवजी ‘गेल्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात घरी कोण होते?’ असा प्रश्न विचारावा. पाणी कोणी आणले, भाकरी कोणी थापली, आजारात दवाखान्यात कोणी नेले, हे महिन्यागणिक नोंदवावे. आणि एकाच गावाची पाहणी एकदा श्रावणात व एकदा पौषात करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या आवाक्यात बसेल असेच हे काम आहे. अशा दोन पाहण्यांतील आकड्यांत जो फरक दिसेल, त्यावरून आजवरच्या कोष्टकांतून किती वृद्धांचे एकाकीपण गळाले याचा पहिला विश्वसनीय अंदाज येईल.