‘लिटिल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी : गायन आणि मतसंख्या

झी मराठीवरील ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या बाल-किशोरांच्या स्पर्धेची २००९ मधील महाअंतिम फेरी समीक्षादृष्ट्या निराशाजनक ठरली. आळंदीच्या कार्तिकी गायकवाडचा भजन-लोकगीतांत घडलेला खुला आवाज आणि आर्या आंबेकरची शास्त्रीय तालमीतील सफाई कोणत्या निकषांवर तोलावी, हा खरा सांगीतिक प्रश्न होता. तो एसएमएसच्या मतांवर सोपविला गेला. मतसंख्येने विजेता ठरतो. त्याच्या गायनाचे मर्म उलगडत नाही. त्यामुळे कार्तिकीचे यश म्हणजे केवळ आपल्या भागाने दिलेला कौल, असे म्हणण्यास वाव राहिला. हा तिच्या गळ्यावर अन्यायच होय. आंबेगाव तालुक्यातील लोणीसारख्या गावी भजनात टिपेचा सूर लावणाऱ्या मुलाला तो आवाज कोठे सरस आणि कोठे उणा, हे कळणे अधिक मोलाचे ठरले असते.