रकान्याबाहेरचे मरण

समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कविता, कथा, आत्मकथन एवढेच येते. दलित आत्मकथनांची भाषा शिवराळ आहे की नाही, यावर पांढरपेशा समीक्षकांनी वर्षानुवर्षे कागद काळे केले. पण ज्या भाषेत माणूस मेल्याची नोंदच होत नाही, त्या सरकारी भाषेची समीक्षा त्यांना कधी करावीशी वाटली नाही. मी येथे तेवढेच करणार आहे. माझ्यासमोरची संहिता फार लहान आहे.

हाताने मैला उचलण्याच्या कामात किती माणसे मेली, असा प्रश्न २८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत होता. सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांचे उत्तर होते की, या कामामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. काही दिवसांतच त्याच खात्याने त्याच सभागृहात सांगितले की, गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ९४१ कामगार मेल्याची नोंद आहे. एक उत्तर शून्याचे, दुसरे नऊशे एक्केचाळीसचे. आणि खात्याच्या मते दोन्ही खरी!

ही करामत कशी साधते ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या कायद्यात दोन रकाने आहेत. एक ‘हाताने मैला उचलणे’, दुसरा ‘घातक सफाई’. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवलेला माणूस दुसऱ्या रकान्यात जातो. शिवाय, सरकारने ठरवून दिलेली साधने वापरून मैला काढणारा माणूस ‘हाताने मैला उचलणारा’ मानला जाणार नाही, असेही कायदा सांगतो. पहिल्या रकान्यातल्या प्रथेवर १९९३ पासून कायद्याची बंदी आहे. जी प्रथा कागदावर संपली, तिचे मुडदे कागदावर कसे दाखवायचे? म्हणून मुडदे शेजारच्या रकान्यात सरकवले जातात.

कुणी म्हणेल, कायद्याला व्याख्या लागतेच. मान्य आहे. या व्याख्येमुळे काही खटले उभे राहू शकतात, हेही मान्य. पण विचारणाऱ्याने मेलेल्या माणसांबद्दल विचारले होते, आणि उत्तर मात्र शब्दाबद्दल दिले गेले. फसवणूक नेमकी येथे आहे. तिच्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. दुसऱ्या रकान्याबद्दल गप्प बसले की पुरते.

याच भाषेतून आणखी एक गोष्ट गळते, ती म्हणजे जात. ‘कामगार’, ‘व्यक्ती’, ‘कर्मचारी’ अशा शब्दांना जात नसते. पण डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार, मैला उचलणाऱ्या ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती होती, त्यांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. एवढे सांगितल्यावर हा ‘व्यवसाय’ आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही.

शून्याचे उत्तर पँथरच्या चळवळीतून आलेल्या नेत्याच्या नावाने गेले, याचे दुःख मला आहे. पण प्रश्न एका माणसाचा नाही. खुर्चीला स्वतःची भाषा असते, आणि तिच्यावर बसणारा सावध नसेल तर ती भाषाच त्याच्या तोंडून बोलू लागते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा मराठी चित्रपट मला या संदर्भात पुन्हा पाहावासा वाटतो. त्यात नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालतो. त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः आंबेडकरी कार्यकर्ते होते. २०२१ मध्येच ते गेले. चित्रपटात शाहिराचा शब्द न् शब्द तपासला जातो. कामगाराची बायको मात्र साक्षीत सांगते की, नवऱ्याला साधने दिलीच जात नव्हती. शाहिराची प्रतिमा गुन्हा ठरते आणि साधने न देणाऱ्यांकडे बोट वळतच नाही. हा दुटप्पीपणा चित्रपटाबाहेरही चालू आहे.

आता नवी गोड नावे आली आहेत. २०२० मध्ये ‘सफाईमित्र’ आले, २०२३ मध्ये ‘नमस्ते’ योजना आली. योजनेतून यंत्रे येतील, विमा मिळेल, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण गोड नावांचा आपल्याला जुना अनुभव आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात कायद्याच्या मसुद्यात ‘हरिजन’ हा शब्द घालण्यास बाबासाहेबांनी आणि भाऊराव गायकवाड यांनी विरोध केला आणि सभात्याग केला. नाव बदलून स्थिती बदलत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि आपण? काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एक कंत्राटी कामगार सेप्टिक टाकीत गुदमरून मेला. शिक्षक म्हणून शोकसभेचे पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, ‘कामावर असताना अपघाती निधन’. त्याच्या धाकट्या भावाने ते वाचले आणि म्हणाला, “सर, अपघात कसा? दोर दिला नाही, मास्क दिला नाही, अन् वर उतर म्हणून दम दिला. अपघात लिवलं तर कंत्राटदार सुटला की.”

तो बरोबर होता. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण त्यासाठी तो कशाने मेला हे कागदावर यावे लागते. मी पत्रक फाडले आणि पुन्हा लिहिले: ‘कंत्राटदाराने साधनांशिवाय टाकीत उतरवले. तो गुदमरून मेला.’ ‘निधन’ खोडून ‘मेला’ लिहिताना माझा हात अडखळला, हे कबूल करतो. माझ्या शुद्ध मराठीनेही कंत्राटदाराची बाजू घेतली होती.

तेव्हापासून वर्गात मी एक सोपा अभ्यास देतो. वर्तमानपत्रातले ‘मृत्यू झाला’ असे वाक्य घ्यायचे आणि विचारायचे: त्याला खाली कुणी उतरवले? मुले पेन चावत बसतात, कारण ते नाव बातमीत नसते. मग मी त्यांना सांगतो, वस्तीत जा, विचारा, आणि ते नाव घालून वाक्य पुन्हा लिहा.