मुख्य प्रधानाचे कार्यालय : ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ आणि हुजूर दप्तराचा राहून गेलेला इतिहास

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ या ४५ खंडांचे मराठ्यांच्या इतिहासलेखनातील स्थान निर्विवाद आहे. १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत, मोजक्या मोडीवाचक साहाय्यकांच्या बळावर आणि यदुनाथ सरकारांच्या पाठिंब्यामुळे साडेआठ हजारांहून अधिक कागद देवनागरीत छापले गेले. तोपर्यंत सरकारी कुलुपात पडून राहिलेली ही साधने त्यामुळे सर्वांना खुली झाली. आज मराठेशाहीवर प्रबंध लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी या खंडांचा उल्लेख ‘प्राथमिक साधने’ या सदराखाली करतो आणि मार्गदर्शकही तो मान्य करतात. या कार्याचे मोल कमी करावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रश्न निराळा आहे. हे कागद ज्या कार्यालयात लिहिले गेले, तपासले गेले व जपले गेले, ते कार्यालय या ४५ खंडांत कोठे दिसते?

‘पेशवा’ या शब्दाला आपण इतके सरावलो आहोत की त्याचा मूळ अर्थ ध्यानात राहत नाही. १६७४ च्या अष्टप्रधान मंडळात मोरोपंत पिंगळे हे ‘मुख्य प्रधान’ होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांनी दिले तेही हेच पद. पुढे प्रत्येक पेशव्याच्या शिक्क्यात राजाचे नाव आधी आणि स्वतःस ‘मुख्य प्रधान’ म्हणवणे नंतर, हा क्रम अखेरपर्यंत टिकला. प्रधानकीची वस्त्रेही साताऱ्याहूनच येत राहिली. म्हणजे पेशव्यांचे दप्तर हे तत्त्वतः राजाचे दप्तर नव्हे. ते एका पंतप्रधानाचे प्रशासकीय कार्यालय होय. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले, १७५० मध्ये सांगोल्याचा करार झाला आणि राज्यकारभाराची सर्व सूत्रे पुण्यात एकवटली. ‘हुजूर’ हा शब्द खरा छत्रपतींच्या सन्निधीचा. तो शनिवारवाड्यातील कचेरीला कायमचा चिकटला. घटनात्मक दृष्ट्या सेवक असलेल्या पदाचे कार्यालय सार्वभौम सत्तेचे केंद्र कसे बनते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण भारताच्या इतिहासात क्वचितच आढळेल. असे असूनही या कार्यालयावर मराठीत स्वतंत्र, सविस्तर ग्रंथ नाही. पेशव्यांवर लिहिलेल्या पुस्तकांनी मात्र कपाटे भरली आहेत.

हुजूर दप्तराची रचना ज्ञात नाही असे नव्हे. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरील आपल्या १९२३ च्या ग्रंथात तिचा आराखडा दिला आहे. दोनशेहून अधिक कारकून असलेल्या या कचेरीचे दोन मुख्य भाग होते. एक चालते दप्तर, ते फडणिसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. दुसरे एकबेरीज दप्तर, ते पुण्यातच राही. चालत्या दप्तरात फड, बेहेडा, सरंजाम, चिटणिसी अशी खाती. सनदा व आज्ञापत्रे फडातून निघत, हिशेब तेथेच घेतले जात आणि दिवसाची नोंद रोजकीर्दीत होई. बेहेड्यात महालांच्या उत्पन्नाचे व खर्चाचे अंदाज तयार होत. एकबेरजेकडे सर्व खात्यांचे हिशेब वर्गवारीने उतरत. मृगसालाच्या आरंभी कमाविसदार अंदाज घेऊन महालावर जाई आणि वर्षअखेर हिशेब घेऊन झाडतीसाठी पुण्यास येई. त्याच्यासोबत महालावर मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस असे दरकदार असत; त्यांच्या नेमणुका हुजुरातून झालेल्या असल्यामुळे कमाविसदारास त्यांना काढता येत नसे. एकाच्या निशाणीवाचून दुसऱ्याचा कागद पुरा होत नसे. व्यक्तीवर विश्वास ठेवण्याऐवजी परस्परांच्या नोंदींवर विश्वास ठेवणारी ही व्यवस्था होती. तिला नोकरशाही म्हणण्यास संकोच करण्याचे कारण नाही.

पण सेन यांनीही या कचेरीस मोजकीच पाने दिली आणि पुढच्या अभ्यासकांनी बहुधा तीच पाने पुन्हा पुन्हा उतरवली. सरदेसायांच्या खंडांतून त्यात फारशी भर का पडली नाही? याचे उत्तर निवडीच्या तत्त्वात आहे. पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा, आणखी एक वसईच्या मोहिमेचा. मांडणी प्रसंगांनुसार आणि व्यक्तींनुसार आहे. मूळ दप्तराची मांडणी मात्र खात्यांनुसार होती. पत्र कोणत्या खात्यात आले, त्यावर कोणाची निशाणी झाली, त्यातून कोणती सनद निघाली, ती कोणत्या कीर्दीत नोंदली गेली, ही साखळी म्हणजेच कार्यालय. प्रसंगानुरूप निवड करताना ही साखळी तुटणे अपरिहार्य होते. हाती उरते ते पत्र. ते उत्कट असेल, महत्त्वाचे असेल, पण आपल्या शेजारच्या कागदांपासून ते पारखे झालेले असते. दैनंदिन्यांतील उताऱ्यांचा आणि सामाजिक-धार्मिक बाबींचा असे खंड या मालेत आहेत हे खरे. शिवाय एलिनेशन ऑफिसातील कागदांची माहिती देणारी स्वतंत्र पुस्तिकाही सरदेसायांनी १९३३ मध्ये सिद्ध केली. परंतु ती पुस्तिका आज किती प्राध्यापकांनी उघडून पाहिली आहे? आपण वाचली ती निवड. निवड कशातून झाली ते वाचण्याची गरज वाटली नाही.

येथे सरदेसायांच्या आयुष्यातील एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. १८८९ पासून साडेतीन दशके त्यांनी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत काढली. महाराजांचे वाचक, राजपुत्रांचे शिक्षक अशा नात्यांनी राज्यकर्त्याच्या निकटचा कारभार त्यांनी रोज पाहिला. निवृत्तीनंतर ते आंदर मावळाच्या अगदी शेजारी, इंद्रायणीकाठी कामशेतला येऊन राहिले आणि १९५९ मध्ये तेथेच निवर्तले. कार्यालय म्हणजे काय हे ज्याला अनुभवाने ठाऊक, त्या इतिहासकारानेही कार्यालयास इतिहासाचा नायक मानले नाही. याचा दोष त्यांच्या एकट्याकडे जात नाही. राष्ट्रीय चळवळीच्या त्या दशकांत वाचकाला हवे होते पराक्रम, मुत्सद्देगिरी आणि पराभवाची कारणे. मुंबई सरकारचे आर्थिक बळ आणि मुदतही मर्यादित होती. पुण्यातील संशोधकांना डावलून ही कामगिरी सरदेसायांकडे गेली म्हणून जो वाद झाला, तोही दप्तर कोणी पाहावे याविषयीचा होता; दप्तर कसे पाहावे याविषयीचा नव्हता. दीपेश चक्रवर्ती यांनी सरकार-सरदेसाई स्नेहावर २०१५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ही हकीगत विस्ताराने आली आहे.

याउलट न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी अधिक व्यापक होती असे म्हणावे लागते. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतून केलेल्या निवडीचे महत्त्व सांगताना १९०० मध्ये त्यांनी करपद्धती, न्याय, टांकसाळ, सामाजिक आज्ञा यांकडे बोट दाखवले. मात्र रानडे यांनाही राज्याचा कारभार दिसला. तो कारभार चालवणारी कचेरी पार्श्वभूमीलाच राहिली. अलीकडे प्राची देशपांडे यांनी २०२३ च्या आपल्या ग्रंथात मोडी लेखन आणि कारकुनी व्यवहार यांना इतिहासाचा विषय बनवले, ही स्वागतार्ह घटना आहे. मराठी विभागांनी व इतिहास विभागांनी तिची दखल एकत्र घ्यायला हवी.

कार्यालयाकडे पाहिल्याने नेमके काय बदलते, याचे एक उदाहरण मावळातलेच घेता येईल. १७७९ च्या जानेवारीत बोरघाट चढून आलेले इंग्रजांचे सैन्य कार्ल्यावरून तळेगावपर्यंत पोहोचले, तेथून मागे फिरले आणि वडगावला कोंडीत सापडून त्यास करार करावा लागला. रघुनाथरावास स्वाधीन करणे आणि साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देणे इंग्रजांनी कबूल केले. पुढे वॉरन हेस्टिंग्जने तो करार नाकारला, ही गोष्ट वेगळी. या प्रसंगाचे श्रेय पाठ्यपुस्तके महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्यात वाटून देतात. कार्ल्यास पडलेला कॅप्टन स्टुअर्ट ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लोकस्मृतीत राहिला. पण ज्यांच्या नावाने हा करार झाला ते मुख्य प्रधान सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचेही नव्हते. त्यांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. पंतप्रधान बालक असताना पंतप्रधानाचे कार्यालय युद्ध करते, तह करते, हे कसे शक्य झाले? नानांच्या बुद्धिमत्तेने, हे उत्तर अपुरे आहे. शत्रूच्या वाटेवरची गावे उठवणे, दाणावैरण हाती लागू न देणे, फौजांना पैसा पोहोचवणे ही सारी कामे शेवटी हुकूम, हिशेब आणि पावती यांची असतात. बारभाईंच्या कारभारात एकमेकांविषयी साशंक असलेली माणसे एकत्र होती. त्यांना बांधून ठेवणारी एक गोष्ट म्हणजे चालू असलेली कचेरी. वडगावचा विजय हा जसा तलवारीचा, तसा फडाचाही होता, असे माझे मत आहे.

नानांचे पद होते फडणिसाचे. वेळासचे भानू घराणे बाळाजी विश्वनाथांच्या काळात कारभारात आले. १७५६ मध्ये वडील जनार्दनपंत वारले तेव्हा चौदा वर्षांच्या नानांकडे फडणिशी आली. कचेरीचा प्रमुख राज्याचा प्रमुख बनला, तो कचेरी हाती होती म्हणून. पंतप्रधानाच्या नावाने कारभार करणारा सचिव किती मोठा होऊ शकतो, हा प्रश्न स्वतंत्र भारतातही पुन्हा पुढे आला. १९४७ मधील पंतप्रधानांचे सचिवालय लहान होते. लालबहादूर शास्त्रींच्या काळात १९६४ पासून ल. क. झा यांच्यामुळे आणि इंदिरा गांधींच्या काळात १९६७ पासून प. ना. हक्सर यांच्यामुळे त्याचे वजन वाढले. १९७७ मध्ये त्याचे ‘पंतप्रधान कार्यालय’ असे नामांतर झाले. १९८९-९० मध्ये राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह आणि चंद्रशेखर अशा तीन पंतप्रधानांचे प्रधान सचिव राहिलेले भ. ग. देशमुख यांनी आपल्या २००४ च्या आत्मकथनाच्या नावातच पुणे ते पंतप्रधान कार्यालय असा प्रवास नोंदवला. तुलना फार ताणू नये. पेशव्यांचा फडणीस वंशपरंपरेने येई, आजचा प्रधान सचिव नेमणुकीने. फडणिसाला संसदेचा धाक नव्हता. पण दोहोंच्या कागदांच्या नशिबात साम्य आहे. नानांचे मोठे दप्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात गेले आणि तेथून ते पारसनिसांच्या हाती लागले. हक्सरांचे कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील संग्रहात आले आणि त्यांच्या आधारे जयराम रमेश यांना २०१८ मध्ये चरित्र लिहिता आले. सरकारी कोणते आणि खासगी कोणते, ही सीमारेषा सर्वोच्च कार्यालयात सर्वांत पुसट असते. परिणामी कार्यालयाचा इतिहास पुन्हा एका व्यक्तीचे चरित्र म्हणूनच आपल्यासमोर येतो.

हुजूर दप्तराची घडी सरदेसायांच्या आधीही विस्कटली होती, हे नमूद करणे न्याय्य होईल. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत कचेरीकडे दुर्लक्ष झाले आणि कारकुनांनी कागद घरी नेले, अशी नोंद कंपनीच्या अधिकाऱ्यांनी केली आहे. १८१८ नंतर दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनाम कमिशनने हेच कागद इनामदारांच्या हक्कांची छाननी करण्यासाठी वापरले. ज्या कचेरीने सनदा दिल्या, तिच्याच नोंदी त्या सनदांविरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या. ‘एलिनेशन ऑफिस’ हे नाव त्यातूनच आले. तेव्हा कागदांची मांडणी चौकशीच्या सोयीने पुन्हा बदलली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत, ते या सर्व उलथापालथींतून तरलेले आहेत. मूळ खात्यांची रचना त्यांतून पुन्हा उभी करणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही. रोजकीर्द, घडणी, ताळेबंद, झाडती हे प्रकार ओळखता आले की एखादा हुकूम पुण्याच्या फडातून महालापर्यंत कसा उतरला, याचा माग काढता येतो.

या कामासाठी थोर व्यक्तींचे कागद निवडण्याची आवश्यकता नाही. एखाद्या तरफेचा दहा वर्षांचा सलग हिशेब घेणे अधिक फलदायी ठरेल. मावळात अध्यापन करणाऱ्यास हे विशेष जाणवते. टाकवे, भोयरे, कुसूर या आंदर मावळातील गावांचे विद्यार्थी आपल्या गावाचा इतिहास विचारतात, तेव्हा त्यांच्यापुढे आपण लोहगड, वडगाव आणि दाभाडे ठेवतो. कुसूर घाटाने कोकणात उतरणारी वाट, तीवरची जकात, खोऱ्यातील भातशेतीचा वसूल हे विषय कोणत्याही लढाईच्या खंडात बसणारे नव्हते, म्हणून ते निवडीच्या बाहेर राहिले. पदव्युत्तर प्रबंधिकांत ४५ खंडांचा उल्लेख ‘पेशवे दप्तर’ असा सरसकट केला जातो, तो मार्गदर्शकांनी थांबवावा. ‘निवडलेले कागद’ हे शब्द त्यात आलेच पाहिजेत. आणि इतिहास विभागांतील मोडीचा अल्पमुदतीचा वर्ग प्रमाणपत्रापुरता न ठेवता त्यात पत्रांबरोबर एक तरी ताळेबंद वाचून घ्यावा. पत्र वाचता येणारे विद्यार्थी आपल्याकडे थोडे आहेत; हिशेब वाचता येणारे त्याहून थोडे.