संपावरचा लेखक आणि बोलणारा निवेदक

अमेरिकी दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा होणारे गप्पांचे कार्यक्रम उत्स्फूर्ततेच्या आभासावर उभे असतात. टेबलामागचा निवेदक त्या दिवसाच्या घडामोडींवर जणू आपल्याच मनातले बोलत आहे, असा प्रेक्षकांशी त्यांचा अलिखित संकेत असतो. तेथील पटकथालेखकांच्या संघटनेने ५ नोव्हेंबर २००७ रोजी संप सुरू केला आणि हा संकेत उघडा पडला. मालिका आधी लिहून ठेवलेल्या संहितांवर काही आठवडे तगल्या. सकाळच्या बातमीवर त्याच दिवशी लिहिला जाणारा हा प्रकार मात्र तत्काळ बंद झाला. २ मे २०२३ रोजी सुरू झालेल्या १४८ दिवसांच्या संपातही हेच घडले.

पहिल्या संपातील २ जानेवारी २००८ ची रात्र समीक्षकाने बारकाईने पाहावी अशी आहे. संप मिटलेला नसताना त्या रात्री काही कार्यक्रम परतले. डेव्हिड लेटरमन यांच्या निर्मितिसंस्थेने संघटनेशी स्वतंत्र करार केल्यामुळे त्यांच्यापाशी लेखक होते. कॉनन ओब्रायन लेखकांविना आले. त्या दिवसांत त्यांनी टेबलावर लग्नाची अंगठी भिंगरीसारखी फिरवून वेळ काढला. (हे रिकामेपणच त्या काळातील सर्वांत प्रामाणिक संहिता होती, असेही म्हणता येईल.) जे लेनो यांनी आरंभीचे स्वगत स्वतःच रचले आणि वाद पेटला. लेनो संघटनेचे सदस्य. संपकाळात असे लेखन निषिद्ध आहे, अशी संघटनेची भूमिका. स्वतःच्या तोंडी घालण्यासाठी स्वतःच रचलेले वाक्य हे बोलणे की लेखन? रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला, तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता. लेखनाची मजुरी त्या विवेचनाच्या कक्षेतच येत नाही.

मराठी एकपात्री प्रयोगात हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. दारव्हा तालुक्यातील बोरीअरबचे कवी शंकर बडे (१९४७-२०१६) 'अस्सा वऱ्हाडी माणूस' हा प्रयोग करीत. लिहिणारे तेच, बोलणारेही तेच. वऱ्हाडी बोलीतले ते कथन ऐकणाऱ्याला पारावरच्या गप्पांसारखे वाटावे, हे त्याचे यश; पण त्यामुळेच त्यामागील रचनेकडे समीक्षेचे दुर्लक्ष होते. बोलीतील विनोद म्हणजे जिभेवरची देणगी, असे समजून तो वाङ्मयविचारातून बाजूला सारला जातो. 'इरवा', 'सगुन' हे संग्रह लिहिणाऱ्या कवीची शब्दनिवड रंगमंचावर आल्यावर अचानक निसर्गदत्त कशी ठरते?

येथे संप शक्य नाही. लेखक स्वतःविरुद्धच संप कसा करणार? संपासाठी लेखन आणि उच्चार यांची श्रमविभागणी आधी व्हावी लागते. मात्र लेखक व वक्ता एकरूप असले, तरी लेखन त्यात विरून जात नाही. लक्ष्मण देशपांडे यांचे २००९ मध्ये निधन झाले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुढे संदीप पाठक यांनी रंगमंचावर आणले. देशपांडे यांच्या देहापासून अविभाज्य वाटणाऱ्या त्या बोलण्याला स्वतंत्र संहिता होती, हे वक्ता गेल्यावर दिसले. अमेरिकेत तेच लेखक उठून गेल्यावर दिसले होते.