विज्ञानमालिकांचा टीकात्मक इतिहास : एक अडचण

दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिका हा वाङ्मयचर्चेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका हा मथळा वाचताच काही वाचकांस येईल. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. ज्या घरांत हे मासिक वाचले जाते त्या घरांत दूरचित्रवाणीचा संच असतोच. परंतु त्यावर पाहिलेल्या गोष्टीविषयी गंभीरपणे बोलण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. तथापि कादंबरीही एके काळी अशीच उंबरठ्याबाहेर तिष्ठत होती, आणि नाटकवाल्यांस तर सभ्य गृहस्थांनी कितीतरी वर्षे वेशीवरच ठेवले होते. वाङ्मयप्रकाराची योग्यता त्याच्या जन्मस्थानावरून नव्हे, तर त्याने कोणते प्रश्न आपणापुढे मांडले व कसे मांडले यावरून ठरवावयाची असते, एवढे मान्य केले म्हणजे पुढील विवेचन अस्थानी वाटू नये.

इंग्लंड-अमेरिकेत हे मान्य होऊन बराच काळ लोटला. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि ७९ भाग होऊन १९६९ साली बंद पडली. ती चालू असतानाच, १९६८ साली, तिच्या निर्मितीची हकीकत सांगणारे पुस्तक बाजारात आले होते. बी. बी. सी. ची 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी, प्रथम दाखविली गेली. तिच्यावर टलॉक आणि अल्वाराडो या दोन अभ्यासकांनी १९८३ साली एक विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला. पुढे याच टलॉक यांनी हेन्री जेन्किन्स यांच्यासह या दोन्ही मालिकांच्या प्रेक्षकवर्गाचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजवर या विषयावर इतकी पुस्तके निघाली आहेत की, त्यांसाठी ग्रंथालयात स्वतंत्र कपाट लागावे.

परंतु ही पुस्तके चाळणाऱ्यास एक गोष्ट लौकरच कळून चुकते. त्यांतील बहुसंख्य पुस्तके टीका नव्हेत, त्या बखरी आहेत. कोणत्या नटाने केव्हा करारावर सही केली, राक्षसाचे सोंग कोणत्या वस्तूंपासून बनविले, अमुक भागाच्या चित्रीकरणाच्या दिवशी काय बिघडले, हे सारे त्यांत भक्तिभावाने नोंदलेले असते. बखरकारास आपल्या स्वामीची कीर्ती गावयाची असते. त्याला प्रश्न विचारावयाचे नसतात. टलॉक-अल्वाराडो यांच्या ग्रंथाचे मोल मला वाटते ते येथे आहे. एकच मालिका निर्माते बदलले, लेखक बदलले, काळ बदलला तसतशी निराळा अर्थ कशी धारण करीत गेली, हा त्यांचा प्रश्न आहे. उदाहरणार्थ, 'डॉक्टर हू'चा आरंभीचा हेतू शिक्षणाचा होता. नायकाबरोबर कालप्रवासास निघणारी पहिली दोन माणसे शाळेतील शिक्षक आहेत, एक इतिहासाची शिक्षिका व एक विज्ञानाचा शिक्षक! मालिकेचे एक जनक सिडनी न्यूमन यांस बटबटीत डोळ्यांचे राक्षस मुळीच नको होते. पण टेरी नेशन या लेखकाने दुसऱ्याच कथेत 'डालेक' नावाचे यांत्रिक कवचातले प्राणी आणले, मुले त्यांच्यावर लुब्ध झाली, आणि शिक्षक हळूहळू मागे पडले. अशा जागी टीकाकारास खरे काम असते.

आता अडचणीकडे वळतो. टीका करावयाची तर संहिता समोर हवी, आणि या मालिकांच्या बाबतीत ती पुष्कळदा नाहीशीच झालेली आहे. चुंबकीय फीत महाग असे, आणि दाखवून झालेला खेळ पुन्हा कोण पाहणार, अशी समजूत होती, म्हणून बी. बी. सी. ने जुन्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित केले. 'डॉक्टर हू'चे जवळजवळ शंभर भाग अशा रीतीने गेले. त्याच्याही आधीची, १९५३ ची, नायजेल नील यांची 'क्वाटरमास' मालिका सहा भागांची होती. ते भाग प्रत्यक्ष अभिनय चालू असतानाच प्रक्षेपित होत. त्यांतील पहिले दोन तेवढे मुद्रित होऊन उरले आहेत. शेवट कसा वठला होता, हे आज हस्तलिखितावरूनच जाणावे लागते.

या नाशाचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी. बी. सी. ने 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका दाखविली. तिचे लेखक दोन : जॉन एलियट आणि सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. त्या वेळी केंब्रिजमध्ये हॉईल यांच्या हाताखाली संशोधन करीत असलेला एक तरुण म्हणजे आपले जयंत नारळीकर. मालिकेची कथा अशी की, एका नव्या रेडिओ-दुर्बिणीवर देवयानी तारकासमूहाकडून संदेश येतो. तो उलगडल्यावर ध्यानात येते की, हा एक प्रचंड संगणक बांधण्याचा आराखडा आहे. संगणक बांधला जातो, आणि मग तोच शास्त्रज्ञांस एक सजीव मानवी आकृती घडविण्याची कृती सांगू लागतो. दुसऱ्याने पाठविलेले ज्ञान ही देणगी की सापळा, हा तिचा प्रश्न. आणि साठ वर्षांनंतर, संगणकास विचारल्यावाचून पान न हलण्याच्या आजच्या दिवसांत, तो अधिकच बोचतो. या मालिकेच्या सात भागांपैकी सहावा तेवढा संपूर्ण उपलब्ध आहे; बाकीच्यांचे तुकडे, छायाचित्रे आणि लिखित संहिता. नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली आणि पहिले बक्षीस मिळविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गुरूची मालिका समग्र असती, तर शिष्याच्या कथांशी ती ताडून पाहता आली असती. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले; आता विचारावयासही कोणी उरले नाही.

गेलेले भाग परत मिळविण्याचा तिकडचा उद्योग मात्र वाखाणण्याजोगा आहे. 'डॉक्टर हू' चालू असता घरोघरची मुले संचापुढे ध्वनिमुद्रक ठेवून नुसता आवाज टिपून ठेवीत. त्यामुळे चित्र गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. जॉन क्यूरा नावाचा एक छायाचित्रकार पडद्याची छायाचित्रे घेऊन ती नटांना व दिग्दर्शकांना विकीत असे. त्याच्या धंद्याने इतिहासास हात दिला. हे वाचताना आम्हा वैदर्भीयांस लीळाचरित्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेली मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली, आणि पुढे महानुभावांनी ती स्मरणाच्या आधारे पुन्हा उभी केली. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. ते पाठ ताडून पाहण्यात विष्णु भिकाजी कोलत्यांसारख्या विद्वानाने आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली. तेराव्या शतकातील आठवणींस जी कसोटी आपण लावतो, ती आपल्याच तरुणपणीच्या आठवणींस लावण्याचा आपल्याला कंटाळा का यावा?

आमच्याकडे दूरचित्रवाणी आली ती १९८४ च्या सुमारास, जेव्हा देशभर गावोगावी लहान प्रक्षेपक उभारले गेले. यवतमाळात दत्त चौकापासून आर्णी रस्त्यापर्यंत कौलांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे दिसू लागले. आमच्या आळीत एकच संच होता. रविवारी सकाळी त्या दिवाणखान्यात वीस-पंचवीस माणसे बसत. 'स्टार ट्रेक' आम्ही तेथेच पाहिली. इंग्रजी कळे त्याने न कळणाऱ्यास सांगावे, असा रिवाज होता. पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली, आणि १९९८ मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम', जिच्यात मिलिंद सोमण नायक होते.

या तिहींत 'सिग्मा'विषयी फार बोलावे असे नाही. अंतराळातील वसाहत, तिचा कप्तान, लुकलुकणारे दिवे आणि परग्रहावरचा झखाकू नावाचा खलनायक : 'स्टार ट्रेक'ची ती प्रामाणिक पण तोकडी नक्कल होती. तोकडेपणा खर्चाचा असता तर क्षम्य होता. तो कल्पनेचा होता. 'व्योम'चा डामडौल मोठा. तुरुंगातून पळालेले बारा अमर गुन्हेगार आणि त्यांच्या मागावर एक वीर, ही कथेची मांडणी विज्ञानाची नसून पुराणाची आहे. त्यात दोष नाही. पुराणाने पुष्कळ चांगल्या कथा पोसल्या आहेत. पण मला आठवते ते असे की, त्या भविष्यकाळात सामान्य माणूस जवळजवळ नव्हताच. कोणी भाजी आणीत नाही, कोणाची आई आजारी पडत नाही. ज्या भविष्यात माझ्यासारख्या मास्तराला जागा नाही, त्याची काळजी मी का करावी?

'इंद्रधनुष'ची गोष्ट निराळी. गिरीश कर्नाड तिच्यात होते, ऊर्मिला मातोंडकर होत्या, आणि पुढे चित्रपटसृष्टीत गाजलेले करण जोहर शाळकरी मुलाच्या भूमिकेत होते. मुले संगणक जुळवितात, आणि त्यात देवयानीकडचा पाहुणा येऊन वास करतो. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल : संगणक आणि देवयानी, हॉईल यांच्या मालिकेतीलच जोडी! ही उसनवारी की योगायोग? देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, पंचवीस लक्ष प्रकाशवर्षांवरची आपली मोठी शेजारीण आहे. कोणताही लेखक पाहुणा आणू लागला तर प्रथम तिच्याच दारी जाईल. म्हणून मी योगायोगाकडे झुकतो; पण हे मत झाले, निर्णय नव्हे. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कालयंत्र हाती आल्यावर वेल्सचा नायक १८९५ साली लाखो वर्षे पुढे गेला; आमची मुले मागे गेली, स्वातंत्र्याच्या चळवळीत. मला हा भित्रेपणा वाटत नाही. ज्या घरात आजोबा तुरुंगात जाऊन आले, त्या घरातील मुलाला सर्वांत अद्भुत परलोक म्हणजे आजोबांचे तारुण्यच. आपल्या विज्ञानमालिकांत स्वतःचे असे काही सापडले असेल, तर ते मला येथेच सापडले आहे.

असे मी गेली कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो आहे, आणि येथेच माझी फजिती झाली. 'सिग्मा'तील एक दृश्य मी नेहमी वर्णन करीत असे : वर्तुळाकार चौथऱ्यावर माणसे उभी राहतात आणि प्रकाशाच्या कणांत विरून जातात. एका माजी विद्यार्थ्याने नम्रपणे कळविले, "सर, ते 'स्टार ट्रेक'मधले." पुन्हा पाहिले, अगदी तसेच होते, एका पात्राच्या उभे राहण्याच्या ढबीसह. 'सिग्मा'तही तसे काही होते काय, हे पडताळण्यास समग्र मालिका माझ्या हाती नाही. मग तिला नक्कल ठरविणारा मी, मूळ आणि नक्कल यांतील भेद तरी आठवत होतो की नाही? वरील परिच्छेदांतील माझे इतर निर्णयही वाचकांनी या कबुलीच्या प्रकाशात वाचावे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका हुशार मुलीने हाच विषय प्रबंधासाठी निवडला होता. तिने पत्रे पाठविली, स्मरणपत्रे पाठविली. कोठून उत्तर आले नाही, कोठून 'फिती तपासाव्या लागतील' एवढेच आले. यंत्रजालावर चाहत्यांनी चढविलेले सुटे भाग मिळाले, पण त्यांचा क्रम लागेना, आणि कोणता भाग कापलेला आहे हेही कळेना. शेवटी तिने विषय बदलला. चित्रपटाला पुण्यात १९६४ पासून संग्रहालय आहे, पी. के. नायर यांनी दारोदार हिंडून फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळविले, म्हणून आज आपण त्यांच्याविषयी अधिकाराने बोलतो. लहान पडद्यास तसा नायर भेटला नाही. परिणामी आपल्याकडे या मालिकांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा एकाच सुरात असते : काय ते दिवस, काय तो रविवार! या हळवेपणास माझा विरोध नाही, मीही त्या दिवाणखान्यात बसलो आहे. परंतु त्याला इतिहास म्हणू नये.

तिच्या शोधात हाती लागलेली एक वस्तू मात्र सांगण्याजोगी आहे. त्या दिवाणखान्याचे मालक, एक निवृत्त शिक्षक, दर रविवारी काय पाहिले ते वहीत लिहून ठेवीत. त्यांच्या मुलाने ती वही तिला दिली आणि तिने ती मला आणून दाखविली. तारीख, कार्यक्रमाचे नाव, दोन ओळींत गोष्ट, आणि किती माणसे आली होती त्याचा आकडा. गोष्टीपेक्षा आकडा अधिक विश्वसनीय आहे. 'इंद्रधनुष'च्या एका भागासमोर २३ हा आकडा आहे, आणि पुढे पेन्सिलीने लिहिले आहे : मुलगा भूतकाळात गेला, वीज गेली, परत आला की नाही, समजले नाही.