हिमस्तंभाची साक्ष आणि मुळशीचा पाऊस

दुष्काळांच्या इतिहासाला अलीकडे एक नवें साधन उपलब्ध झालें आहे, तें म्हणजे हिमस्तंभ. साचलेल्या बर्फांत खोल छिद्र पाडून बर्फाची लांब कांडी काढतात, तिलाच हें नांव आहे. तींत वर्षावर्षाचे थर एकावर एक बसलेले असतात. त्यांतील धूळ, क्षार व प्राणवायूच्या जड-हलक्या अणूंचें प्रमाण पाहून गतकाळच्या हवामानाचें अनुमान करितात. या साधनाचें आम्ही स्वागतच करितों. परंतु कागदाच्या साक्षीस जे दोन प्रश्न आपण विचारतों, तेच बर्फासहि विचारणें प्राप्त आहे. याची मिति कशी ठरली? आणि ही हकीकत कोणत्या मुलखाची? मुळशीच्या खोऱ्याचा पाऊस डोळ्यांपुढें ठेवून या दोन प्रश्नांचा येथें विचार करूं.

प्रथम मितीचा प्रश्न. वरचे थर मोजतां येतात. खालचे दाबानें पातळ होतात व मोजणी चुकण्याचा संभव वाढतो. म्हणून मधून मधून पक्क्या खुणा लागतात. 1815 सालीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या गंधकाम्लाचा अंश दोन्ही ध्रुवांच्या बर्फांत सांपडतो. 1963 च्या सुमाराचा थर अणुबाँबच्या चांचण्यांतील किरणोत्सर्गानें ओळखतां येतो. गोव्यांत वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रांत अंटार्क्टिकांतील हिमस्तंभांवर अशाच प्रकारचें काम चालतें.

तथापि खुणांमधील अंतरांत चूक राहूं शकते. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकांतील ग्रीनलंडच्या हिमस्तंभांच्या मित्या सुमारें 7 वर्षें मागें पडल्या होत्या, हें 2015 सालीं सिद्ध झालें. इ. स. 775 च्या सुमारास आकाशांतून आलेल्या तीव्र किरणांचा ठसा वृक्षवलयांत व बर्फांत असा दोन्ही ठिकाणीं उमटला आहे. तो जुळवून पाहतां ही चूक उघड झाली. आमच्या वाचकांस ही रीत अपरिचित नाहीं. शिवजन्माची मिति शके 1549 कीं 1551 हा वाद असाच होता. लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीनें शके 1551 ची मिति दिली व कवींद्र परमानंदाच्या शिवभारतानें तीस स्वतंत्र दुजोरा दिला, तेव्हां तिचें वजन वाढलें. एकट्या साक्षीवर, मग ती कागदाची असो वा बर्फाची, निवाडा करूं नये.

आतां दुसरा प्रश्न. आपल्या मुलखाच्या अधिक जवळचा हिमस्तंभ ध्रुवाकडचा नसून हिमालयांतील आहे. तिबेटांतील दासुओपू हिमनदींतून, सुमारें 7,200 मीटर उंचीवरून, लॉनी थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1997 सालीं हिमस्तंभ काढले व 2000 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत 1790 ते 1796 च्या थरांत धूळ व क्लोराइड फार वाढलेलीं आढळलीं. त्यावरून त्या वर्षांत मान्सून दुर्बळ होता असें त्यांनीं अनुमान केलें व हिंदुस्थानांतील तत्कालीन दुष्काळाशीं त्याचा मेळ घातला. दक्षिणेंत 1791-92 चा कवट्यांचा दुष्काळ प्रसिद्धच आहे. मेळ वरवर चांगला दिसतो; पण त्यांत एक पायरी गाळली जाण्याचें भय आहे. धारवाड प्रांतांत त्याच सुमारास परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा वेढ्यास बसल्या होत्या. 1803-04 च्या पुणें प्रांतांतील दुष्काळाचें मूळ तर पुष्कळ अंशीं होळकरी फौजांच्या लुटींत आहे. अवर्षण ही निसर्गाची गोष्ट. दुष्काळांत राज्यकारभार, लढाई व वसूल यांचाहि हात असतो. बर्फ पहिलीची साक्ष देईल. धान्य कोणीं नेलें व सूट कोणास मिळाली, हें बर्फास विचारून उपयोग नाहीं.

मुळशीपुरती अडचण याहून मोठी आहे. दासुओपू येथून दीड हजार किलोमीटरांहून दूर. मुळशी तालुक्यांतच पश्चिमेस ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षास कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि साठएक किलोमीटरांवरील पुण्यास सातशेंच्या आसपास. जो मान्सून इंदापुरास कोरडा, तो मुळशीच्या भातखाचरांस पुरेसा असूं शकतो. तेव्हां दासुओपूच्या एका रेषेवरून मावळचें पीकपाणी ठरविणें म्हणजे परमुलखाच्या ताळेबंदावरून आपल्या गांवची बाकी काढणें होय.

जवळचे साक्षीदार शोधले पाहिजेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे बोरगांवकर व सहकारी यांनीं केरळांतील सागाच्या वलयांची 523 वर्षांची मालिका 2010 सालीं प्रसिद्ध केली. सह्याद्रीच्या उत्तर भागासहि अशा मालिका हव्यात. त्यांच्या जोडीस पौड खोऱ्यांतील ढमाले, मुठे खोऱ्यांतील मारणे, मोसे खोऱ्यांतील पासलकर या देशमुख घराण्यांचे व गांवोगांवच्या कुळकर्ण्यांचे कागद पाहिले पाहिजेत. पाऊस नाहीं म्हणून मागितलेली सूट, बीं-बियाण्याची तगाई, लांबलेली लावणी, यांची एकेक ओळहि मोलाची आहे.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. मुळशीचें धरण होऊं नये म्हणून 1921 ते 1924 या काळांत सेनापति बापट व मावळकरी शेतकरी झगडले. तरी धरण झालें व गांवें बुडालीं. त्याचें पाणी भिऱ्याकडे उतरून वीज देतें, व तें पूर्वेकडे द्यावें अशी मागणीहि होत आली आहे. या पाण्याचा हिशेब मांडणारांजवळ पर्जन्यमापनाच्या नोंदी जेमतेम दीड-दोन शतकांच्या आहेत. मागील पांच शतकांत या खोऱ्यांत सलग किती वर्षें ओढ पडली, हें ठाऊक झाल्यावांचून वांटणीचा निवाडा केल्यास तो पुन्हां मावळकऱ्यांवरच उलटण्याचा संभव आहे. म्हणून बर्फ, साग व दप्तर यांचा एकत्र पडताळा पाहणें हें आम्ही संशोधकांचें कर्तव्य समजतों. आणि त्यांपैकीं दप्तरें वाळवीच्या तोंडीं असल्यामुळें आरंभ तेथूनच व्हावा.