खिडकीवरची मराठी कुणाची?

आज सुरुवात एका तिकीट खिडकीपासून करू या. धाराशिवहून आम्ही चौघं एका मोठ्या शहरात, महापालिकेच्या नाट्यगृहात नाटक बघायला गेलो होतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. आमच्यातले एक जण मागं रेंगाळले, तेव्हा आम्ही सवयीनं हाक मारली, "काय करलालाव तिकडं? या की लवकर!" खिडकीतल्या कर्मचाऱ्यानं ते 'करलालाव' हेल काढून शेजारच्याला ऐकवलं. दोघं हसले. मग आमच्याकडं वळून त्यानं विचारलं, "कितना टिकट चाहिए?"

तो स्वतः मराठी होता, शेजाऱ्याशी मराठीतच बोलत होता. आमची मराठी त्याला मराठी वाटलीच नाही. (हशा) हसा, आम्हीही तेव्हा हसलो होतो. उगाच हसलो.

आता याची तक्रार कशी करायची? 3 फेब्रुवारी 2025 चा शासन निर्णय आपण सगळ्यांनी साजरा केला. सरकारी, निमसरकारी कार्यालयं, स्थानिक स्वराज्य संस्था, सगळीकडं मराठीत बोलणं सक्तीचं. दर्शनी भागात फलक लावायचा, कर्मचारी मराठीत बोलला नाही तर कार्यालयप्रमुखाकडं तक्रार करायची. निर्णय चांगलाच आहे. त्याच्या आधारानं त्या "कितना टिकट"ची तक्रार कदाचित करता आली असती. पण आम्हाला लागलं ते त्याआधीचं हसणं, आणि ते शुद्ध मराठीत होतं! कर्मचारी कोणत्या भाषेत बोलतो एवढंच निर्णय बघतो. समोरच्याची मराठी तो कशी ऐकतो, हे कोण बघणार?

आपल्या जिल्ह्याला खिडकीवरची भीती नवी नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार उर्दूत चालायचा. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं सुटली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधताना किती धावपळ झाली, आठवतंय ना? पण त्या काळी कचेरीची भाषा आपली नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. न कळण्यात कमीपणा नव्हता. आता ती आपली आहे असं सांगतात. त्यामुळं 'विहित नमुना' म्हणजे काय हे कळलं नाही की माणूस स्वतःलाच अडाणी समजतो.

यात आम्हा नाटकवेड्यांचाही दोष आहे. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आपण डोक्यावर घेतलं. एकटा माणूस पन्नासहून जास्त पात्रं उभी करतो, तीही आपल्या मराठवाडी बोलीत. त्यांची ताकद वादातीत. पण त्या यशानंतर बोली रंगमंचावर आली की प्रेक्षक हसायच्या तयारीनंच बसतो, त्याचं काय? बोलीत रडणारं, भांडणारं, हिशेब मागणारं पात्र आलं तरी पहिल्या वाक्याला हशा पडतो. खिडकीतला तो माणूस कदाचित त्याच सभागृहात तयार झालेला असेल. जानेवारी 2020 मध्ये साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं, बाहेरचे पाहुणे बोलीचं कौतुक करत होते. गोडवा आहे म्हणे! गोडवा कशाला, व्याकरण आहे तिला. 'करलालाव' हे चालू काळाचं नियमित रूप आहे. 'करताय' इतकंच नियमित.

आमच्या ओळखीतल्या एक काकू पीकविम्याच्या चौकशीला गेल्या होत्या. "काय म्हणलालाव?" असं त्यांनी विचारलं आणि टेबलामागून कुणीतरी त्यांची नक्कल केली. त्या पुढचं विचारायच्या राहिल्या आणि घरी आल्या. आता त्या नातवाला पुढं करतात. पोरगं नववीत आहे, प्रमाण मराठी छान बोलतं. काकूंना काय विचारायचंय ते त्याला नीटसं ठाऊक नसतं, आणि त्या मागं उभ्या राहून त्याच्या शर्टाला हळूच ओढत राहतात.